पूर्ण बाहीचा सिद्धनाथ

सोलापुरात भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, वर मनगटाची बटणंही लावून हिंडणारी माणसं दोनच. एक कोर्टातले वकील आणि दुसरा विजापूर रोडकडच्या मैदानावरचा सिद्धनाथ. वकिलांचा बिचाऱ्यांचा नाइलाज असतो. हा गडी मात्र आपण होऊन शिजत असे. पारा चव्वेचाळीसवर गेलेला, मैदानावरची कुत्री पाण्याच्या टाकीखाली जीभ काढून पडलेली, आणि हा खेळपट्टीवर रोलर ओढतोय. नवी पोरं विचारत, "काका, उकडत नाही का?" तो म्हणे, "उन्हानं हात काळं पडत्यात." चेहरा रापून तव्यासारखा झालेला आणि काळजी हातांची! पोरं हसत. तोही हसे. पण बाही काही वर होत नसे.

मैदानाचा राखणदार, माळी, रोलरवाला, सगळं हा एकटाच. वय एकोणपन्नास. मूळचा माळशिरस तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आता कुंभारीच्या वसाहतीत बायको गोजाबाईबरोबर राहतो आणि पहाटे जुन्या लुनावरून मैदानावर येतो. खेळपट्टीला पाणी किती मारायचं, रोलर किती फेऱ्या फिरवायचा, ह्यात त्याचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नाही. पण त्याची खरी कीर्ती वेगळीच होती. कोणता बॉलर चेंडू टाकतो आणि कोणता फेकतो, हे त्याला सीमारेषेवर उभ्या-उभ्या कळे.

ज्यांना क्रिकेटचं वावडं आहे त्यांच्यासाठी सांगतो. बॉल टाकायचा असतो, दगडासारखा भिरकावायचा नसतो. हात खांद्यातून फिरवायचा. कोपर वाकवून ऐन वेळी झटक्यानं सरळ केलं, की ती फेकी बॉलिंग, आणि अंपायरनं नो-बॉल द्यायचा. नियम एवढाच, पण भल्याभल्यांच्या डोळ्यांना चकवणारा. म्हणून अंपायर मंडळी चहाच्या सुट्टीत हळूच ह्याच्याकडं येत. "सिद्धनाथ, तो डावरा कसा वाटतो?"

"त्याचा हात जन्माचाच वाकडा हाय, पर टाकताना त्यो सरळ करत न्हाय. निर्मळ हाय. तुमी त्या उंच पोराकडं बघा. जोरात टाकाया गेला की झटका देतोय."

मग त्या उंच पोराचा व्हिडिओ तपासणीला पुण्याला जाई आणि आठ दिवसांनी नेमकं तेच उत्तर येई.

ह्याला एवढं कसं कळतं, असं कुणी विचारलं की जुनी मंडळी डोळे मिचकावत. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणत. कारण सिद्धनाथ स्वतःच फेक्या म्हणून बदनाम होता. सत्त्याण्णव साली माळशिरसला तालुक्याच्या फायनलमध्ये अंपायरनं त्याला सात नो-बॉल दिले होते. एक नाही, दोन नाही, सात. तेव्हापासून त्यानं पुन्हा मॅचमध्ये चेंडू हातात घेतला नाही.

आणि ह्यातली खरी दुखरी गोष्ट पुढंच आहे. आपण त्या दिवशी फेकत होतो की नाही, हे खुद्द सिद्धनाथला माहीत नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण हातच्या कोपराला आरसा लागतो. बॉलरला बॅट्समन दिसतो, टप्पा दिसतो, स्टंप दिसतात. स्वतःचा हात मात्र कानाजवळून वर जातो आणि काम उरकून खाली येतो, तो काही दिसत नाही. आधी त्याला खात्री होती की आपण निर्मळ आहोत. दहा वर्षं दोन हजार माणसं एकच गोष्ट म्हणत राहिली की खात्रीलाही वाळवी लागते. आपल्याला कळत नसताना झटका बसत असेल तर? गेली अठ्ठावीस वर्षं तो लोकांचे हात बघत आला ते ह्याचसाठी. प्रत्येक हातात तो स्वतःचा हात शोधत होता. मध्ये एकदा त्यानं एका पोराच्या मोबाइलवर आपले सहा बॉल काढून घेतले. हात काठीसारखा सरळ निघाला. पण पन्नाशीचा हात विशीच्या हाताची साक्ष कशी देणार? त्या दिवशी तिथं असलेल्या, कळत्या माणसानं सांगायला हवं होतं, की सिद्धा, तू फेकत नव्हतास. हे एक वाक्य ऐकायला त्याचा जीव आसुसला होता. दुसरं काही मिळालं नाही तरी चाललं असतं.

आता बाहीचं सांगतो.

माळशिरसला कॉलेजात असताना सिद्धनाथ मानसिंग सरांच्या हाताखाली खेळायचा. सर शाळेत पी.टी. शिकवत, संध्याकाळी तालुक्यातल्या पोरांना क्रिकेट शिकवत आणि स्पर्धा असली की अंपायर म्हणून उभे राहत. तेहतीस वर्षांचे, पाटलाच्या घरातले, मिशीला पीळ. त्यांच्यापुढं पोरं शिंकतानासुद्धा विचार करत. मेंढरांमागं हिंडणाऱ्या ह्या पोराची बोटं त्यांनीच हेरली. लोकरीच्या दोऱ्या वळून-वळून बोटांत अशी ताकद आली होती, की ऑफस्पिन टाकला की चेंडू हवेत गुरगुरत जायचा. "ह्याला मी जिल्ह्याला खेळवणार," सर चारचौघांत म्हणत, आणि सिद्धनाथची छाती वीतभर फुगायची.

टीमचं सामान सरांच्या घरी असे. ते आणायला-ठेवायला सिद्धनाथ जाई. तिथं सरांची धाकटी बहीण होती, मुक्ता. घरातलं शेंडेफळ, सरांहून चौदा वर्षांनी लहान. वडील गेल्यापासून सरच तिचे बाप. तिला क्रिकेटचं भारी कुतूहल. एकदा तिनं विचारलं, "बॉल जमिनीवर पडल्यावर वळतो ना? मग कुठं वळायचं हे त्याला आधीच कसं कळतं?" ह्या प्रश्नाला अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही. सिद्धनाथनं परसातलं लिंबू उचललं आणि अंगणात वळवून दाखवलं. पुढच्या आठवड्यात तो गेला, तर तिनं त्याच्याहून जास्त वळवून दाखवलं आणि हसत आत पळाली.

एवढंच. दोघांत ह्यापलीकडं काही घडलं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिनं पाण्याचा तांब्या द्यायचा, ह्यानं रिकामा करून परत करायचा. धनगराचं पोर आणि पाटलाची मुलगी, हे गणित कुठं जाऊन अडतं हे त्यालाही कळत होतं. म्हणून तो तोंडानं एक अक्षर बोलला नाही. इथवर शहाणपण पुरलं. पण बिरोबाच्या जत्रेत बॅटरीच्या मशीनवर गोंदणारा बसला होता, सोबत टीमचा विकेटकीपर गुंडा होता, आणि जत्रेत माणसाचं डोकं तसंही ताळ्यावर नसतं.

गोंदणाऱ्यानं विचारलं, कुठं काढू? मनगटावर काढावं तर दिसणार. दंडावर काढावं तर आंघोळीला बसल्यावर आई बघणार. सिद्धनाथनं आपल्या मते फार अक्कल लढवली. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, डॉक्टर रक्त काढतात तिथं! हात दुमडला की नाव झाकलं जाई, हात सरळ केला की 'मुक्ता'. बॉलरनं, ज्याचा सगळा धंदाच हात सरळ ठेवण्याचा, त्यानं अशी जागा निवडावी! हात दाखवून अवलक्षण ते ह्याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या हात पोटाशी दुमडून हिंडू लागला. जेवताना, वर्गात, एस.टी.त, सगळीकडं तसाच. आईनं विचारलं, "हाताला काय झालं रं?" तर म्हणाला, मुरगाळलाय. मग एक पूर्ण बाहीचा शर्ट मिळाला आणि त्याची सोय झाली. पण तोवर अर्ध्या माळशिरसनं सिद्धनाथचा वाकडा हात डोळ्यांनी पाहून ठेवला होता.

पंधरा दिवसांनी फायनल. काथ्याच्या मॅटिंगची विकेट, भोवती दोन हजार माणूस, आणि सोलापुराहून निवड समितीचे दोघं आलेले, ते खास ह्या ऑफस्पिनरला बघायला. दोन्ही टीमांत सरांचेच चेले, त्यामुळं अंपायर म्हणून त्यांच्या नावाला कुणाची हरकत नव्हती. ते स्क्वेअर लेगला उभे होते, म्हणजे बॉलरचा हात बाजूनं स्वच्छ दिसतो तिथं.

सिद्धनाथच्या तिसऱ्याच बॉलला मधला स्टंप उडाला. लोक उठून नाचू लागले, आणि त्या गोंगाटातून सरांचा आवाज आला, "नो-बॉल!" कुणाला काही कळेना. पुढचा बॉल. "नो-बॉल!" तिसऱ्या नो-बॉलनंतर सर चालत खेळपट्टीवर आले.

"बाही वर कर."

"का सर?"

"तू फेकतोयस असा मला संशय आहे. बाही वर कर आणि टाक, कोपर दिसू दे."

 समोर उभा होता तो मुक्ताचा सख्खा भाऊ. भोवती दोन हजार माणूस, त्यात तिच्या नात्यागोत्यातले निम्मे. बाही वीतभर वर सरकली की तिचं नाव सगळ्या तालुक्याच्या तोंडी जाणार आणि पोरीचा जन्म नासणार. कॅप्टन येऊन गयावया करू लागला. "अरे दाखव की, काय जातंय तुझं?" बाहेरून लोक ओरडू लागले, "दाखव! दाखव!" सिद्धनाथनं उजवा हात दुमडला आणि छातीशी धरला.

"न्हाय सर."

मग आणखी चार बॉल आणि चार नो-बॉल. सातव्यानंतर कॅप्टननं त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. ज्याला लपवायचं असतं तोच झाकतो, असा निकाल लोकांनी तिथल्या तिथं देऊन टाकला. निवड समितीच्या माणसांनी वही मिटली आणि चहा मागवला.

त्यानंतर सिद्धनाथनं बॉलिंगला कोपरापासून नमस्कार केला, पण क्रिकेट काही सुटलं नाही. कॉलेज सोडून तो सोलापूरला आला आणि मैदानावर कामाला लागला. पुढच्या वर्षी मुक्ताचं लग्न फलटणला झालं, हे त्याला असंच कुणाकडून तरी कळलं. नंतर त्याचंही झालं. गोजाबाईनं पहिल्याच आठवड्यात कोपर पाहिलं. "हे काय?"

"संताचं नाव हाय. मुक्ताबाई."

"संताचं नाव कुणी कोपराच्या बेचक्यात गोंदतं व्हय?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. मात्र तो जेवता-जेवता हरवला की ती ताटात भाकरी टाकत म्हणे, "काय म्हणती तुमची संत?" त्यात राग होता का? होता की. पण भाजीत मीठ असतं तेवढाच. तिनं त्याचं सगळं नीट केलं, त्यानंही तिला कशात उणं पडू दिलं नाही. संसार चांगला झाला. तरी काही गोष्टी संसारात मावत नाहीत, त्या बाहीत ठेवाव्या लागतात.

यंदाच्या एप्रिलमध्ये मैदानावरच्या मंडळींनी फेकी बॉलिंगविरुद्ध कंबर कसली. लीगमध्ये प्रत्येक बॉलरनं अर्ध्या बाहीतच टाकायचं. संशय आला की दोन मोबाइल लावून, एक समोरून आणि एक बाजूनं, शूटिंग घ्यायचं. त्याआधी अंपायर लोकांना तयार करायला मैदानाशेजारच्या हॉलमध्ये एक दिवसाचं शिबिर ठेवलं. आदल्या संध्याकाळी सिद्धनाथ गेटवर फ्लेक्स बांधत होता. दोरीची गाठ मारताना त्याची नजर वर गेली. प्रमुख पाहुणे, मानसिंग सर. त्यानं गाठ सोडली, पुन्हा मारली, आणि बराच वेळ तिथंच शिडीवर उभा राहिला.

सर आले ते काठी टेकत. डोकं पांढरं झालेलं, मिशीचा पीळ उतरलेला. शिबिर चालवायला ऋतुजा नावाची नव्या दमाची अंपायर मुलगी होती, लॅपटॉप घेऊन. तिनं ओळख करून दिली. "स्वतःच्या लाडक्या शिष्याला सात नो-बॉल देणारे, नियमापुढं नातं न बघणारे आपले मानसिंग सर!" टाळ्या पडल्या. तो लाडका शिष्य पाण्याचा जार खांद्यावर घेऊन दारात उभा होता. दोन-चार जणांनी वळून त्याच्याकडं पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत हसले. त्यानं जार खाली ठेवला आणि पेले विसळायला घेतले.

नियमांवर सर बरं बोलले. मग ऋतुजानं हात वर केला. "सर, त्या बॉलरचा हात नेमका कसा वाकत होता? किती? तेवढं सांगा ना, आम्हाला शिकता येईल."

पोरीचा प्रश्न साधा होता. सिद्धनाथच्या हातातला पेला मात्र तसाच राहिला. हेच, अगदी हेच ऐकायला तो अठ्ठावीस वर्षं थांबला होता. सरांनी पाणी मागितलं. पाणी घेऊन जाणार कोण, तर तोच. त्यानं पेला पुढं केला. सरांनी आधी पेल्याकडं पाहिलं, मग बटण लावलेल्या बाहीकडं, मग त्याच्या तोंडाकडं.

"अंपायरनं आधी कोपर बघायचं असतं," सर माइकवर म्हणाले, "माणूस नंतर. माझ्याकडून त्या दिवशी उलटं झालं." आणि खाली बसले. कुणाला अर्थ लागला नाही. मोठा माणूस काहीतरी खोल बोलला असेल म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुपारी मंडळी जेवायला बसली आणि सिद्धनाथ कडुनिंबाखाली रोलरपाशी जाऊन बसला. भूक मेली होती. थोड्या वेळानं काठीचा आवाज आला.

"सिद्धा."

"या सर. उनात नगा उभं राहू, सावलीला या." त्यानं घमेलं उपडं घालून त्यावर आपला रुमाल अंथरला. सर बसले.  मग सिद्धनाथच्या तोंडून ते निघालंच.

"सर, येक इचारू? मी फेकत हुतो का?"

"नाही."

"येक बी न्हाय?"

"एकही नाही. तुझ्यासारखा निर्मळ हात मी नंतर पाहिला नाही."

एवढं एक वाक्य. मिळालं. हे ऐकलं की आपण रडू, नाहीतर आनंदानं ओरडू, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं. तसलं काही झालं नाही. उलट संतापच उसळला.

"मग सात कशापायी दिलं? सात! माझा जन्म गेला की सर त्यात!"

सरांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "फायनलच्या सकाळी गुंडानं माझ्या कानात सांगितलं. तुझ्या कोपरावर काय लिहिलंय ते. माझं डोकं फिरलं. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. एरवी तू हात दुमडून निघून गेला असतास. मैदानावर अंपायर म्हणाला बाही वर कर, तर करावीच लागते, असा माझा हिशोब. एवढंच दिसत होतं मला. तू नाही म्हणालास. आणि मी मागं चालत गेलो आणि मला घाम फुटला. अरे, बाही वर झाली असती तर आख्ख्या तालुक्यानं माझ्याच बहिणीचं नाव वाचलं असतं! मी हे काय मागून बसलो! पण तोवर तीन नो-बॉल देऊन झाले होते. आता मागं फिरावं तर का दिले म्हणून विचारणार. म्हणून देत राहिलो, कुणीतरी तुझ्या हातातनं चेंडू काढून घ्यावा म्हणून. आणि प्रत्येक बॉलला मनात म्हणत होतो, पोरा, करू नकोस, बाही वर करू नकोस. तू केली नाहीस. मला अक्कल नव्हती, एकवीस वर्षांच्या पोराला होती."

सिद्धनाथ खालची माती बोटानं उकरत राहिला.

"मी आत्ता आत जातो," सर उठायला लागले, "माइकवर सगळ्यांसमोर सांगतो. लिहूनही देतो. माझी लाज गेली तर जाऊ दे."

क्षणभर त्याला ते सगळं डोळ्यांपुढं दिसलं. हॉल, माइक, सरांचा आवाज, ओठांत हसणाऱ्यांची उतरलेली तोंडं. किती हवं होतं ते त्याला! त्यानं सरांच्या काठीला हात लावला.

"बसा सर. आन लोकांनी इचारलं, मग का दिलं नो-बॉल, तर काय सांगशीला?"

सर बसले. 

"तवा न्हाय दावलं ते नाव. आता माइकवर दावू व्हय? तिची पोरंबाळं मोठी झाली असत्याल. ऱ्हाऊ द्या. मला कळलं, झालं."

"आणखी एक आहे," सर अगदी हळू म्हणाले. "लग्न ठरल्यावर मुक्तानं मला विचारलं होतं. दादा, तो खरंच फेकत होता का? मी म्हणालो, हो. फेकत होता."

हे त्याला लागलं. सात नो-बॉल लागले नव्हते इतकं लागलं. दोन हजार माणसांनी काय म्हणायचं ते म्हणावं. पण तिनंसुद्धा अठ्ठावीस वर्षं आपल्याला लबाड समजावं? अंगणात लिंबू वळवून दाखवणारा तो हात खोटा होता, असं तिला वाटत राहावं? सिद्धनाथनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"सर, लोकांला नगा सांगू. तिला तेवढं सांगा. हात सरळ हुता, येवढंच. नावाचं काय बोलू नगा."

"आत्ता सांगतो," सर म्हणाले. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून फोन ते नेहमी स्पीकरवर लावत. त्यांनी तो दोघांच्या मध्ये, रोलरच्या लोखंडी दांडीवर ठेवला. घंटी वाजली, आणि पलीकडून कुकरच्या शिटीसकट आवाज आला.

"हां दादा, जेवलास का? सोलापूरला पोचलास नीट?"

आवाज जाड झाला होता, थोडा दमलेलाही. पण वाक्याच्या शेवटी वर जायची ती लकब तीच. 

"मुक्ता, माळशिरसच्या फायनलचा तो बॉलर, सिद्धनाथ. आठवतो तुला?"

 "आठवतो की."

"तो फेकत नव्हता. हात सरळ होता त्याचा. मी तुला खोटं सांगितलं होतं."

कुकरची शिटी झाली. तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. का खोटं सांगितलंस, असं तिनं विचारलं नाही. भावाला दोष दिला नाही. तिनं विचारलं, "दादा, हे त्याला कुणी सांगितलं का?"

सरांनी सिद्धनाथकडं पाहिलं. त्यानं घाईघाईनं मान हलवली, मी इथं आहे हे सांगू नका.

"सांगितलं. मीच सांगितलं."

"कधी?"

"आज."

"आज," ती म्हणाली.  मैदानावर वारं सुटलं आणि खेळपट्टीवरची ताडपत्री फडफडली. "मग इतकी वर्षं तो कसा राहिला असेल रे, दादा?"

 ह्याचं उत्तर ज्याच्याकडं होतं, तो फोनपासून हातभर अंतरावर बसला होता. त्याला सांगायचं होतं, राहिलो, बरा राहिलो, तुम्ही बऱ्या आहात ना? 

"दादा? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," सर म्हणाले.

सिद्धनाथ आणखी पुढं सरकला आणि त्यानं फोनजवळ कान नेला.